तीन बाय चार फुटांची परवानगी

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून शेंगदाणे खायला परवानगी लागत नाही. भांडायला लागत नाही. लग्न जमवायला लागत नाही आणि जमलेलं मोडायलाही नाही. पेटी वाजवायला मात्र लागते. कुठली, हे कळायला मला नोव्हेंबर ते जानेवारी असे जवळजवळ तीन महिने लागले, आणि आता नीट कळलंय असंही छातीठोकपणे म्हणवत नाही.

मी नौपाड्यात पेटीचे वर्ग घेते. यंदा दिवाळी पहाटेला मुलं तलावपाळीवर जाऊन आली आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला, की आपणही शनिवारी संध्याकाळी तिथे बसून वाजवायचं. तिघं माझे विद्यार्थी, पंधरा ते सतरा वयाचे. चौथा त्यातल्या एकीचा मावसभाऊ, वीस वर्षांचा, काहोन वाजवतो. काहोन म्हणजे लाकडी खोकं. त्यावरच बसायचं आणि त्यालाच थापा मारायच्या. हे चौघं मला न सांगता गेले. चौथं गाणं चालू असताना हवालदार आले.

"परवानगी आहे का?"

"कुठली परवानगी?"

"असेल ती दाखवा."

मुलं उठली. मला फोन आला, "ताई, उठवलं आम्हाला." मी म्हटलं, उठवलं ते बरोबरच केलं. आधी परवानगी घ्यायची, मग बसायचं. मास्तरकीची सवय, दुसरं काय. परवानगी म्हणजे एक अर्ज, एक शिक्का, फार तर दोन खेपा, अशी माझी भाबडी समजूत होती.

सोमवारी सकाळी एका पोलीस ठाण्यात गेले. कुठल्या ते सांगत नाही, कारण या सगळ्या हकिगतीत मला उद्धट असं कुणी भेटलंच नाही. भेटलं असतं तर सोपं गेलं असतं, निदान राग तरी धरता आला असता. मला खुर्ची दिली, पाणी विचारलं. भिंतीवर लोकसेवा हक्क अधिनियमाचा फलक होता, कुठली सेवा किती दिवसांत मिळणार याची यादी. त्यात 'ध्वनिक्षेपक परवाना' दिसला आणि मला हायसं वाटलं.

"स्पीकर किती लावणार?"

"एकही नाही."

"मग ध्वनिक्षेपकाचा परवाना कशाला?"

"मग कशाचा घेऊ?"

ते विचारात पडले. सभा, संमेलन, मिरवणूक यांचा एक अर्ज असतो, तो काढला. "मिरवणूक कुठून कुठे?" "आम्ही जागचे हलणार नाही." "सभा आहे का? भाषण वगैरे?" "नाही." तरी म्हणाले, भरून तर बघा. आयोजक मंडळाचं नाव, अध्यक्षांचं नाव, मंडप आहे किंवा कसे, अपेक्षित गर्दी. 'कार्यक्रमाचे निमित्त' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

"निमित्त काय मॅडम? जयंती, पुण्यतिथी, वर्धापनदिन?"

"शनिवार," मी म्हटलं.

ते हसले. मग म्हणाले, आधी जागेच्या मालकाचं ना-हरकत आणा, मग आपण बघू.

आता जागेचा मालक कोण? पदपथाचे मालक आपण सगळे, असं नागरिकशास्त्रात आम्ही शिकलो. प्रत्यक्षात एका खिडकीवर कळलं की कट्टा उद्यानाचा. उद्यानवाले म्हणाले, कुंपणाच्या आतलं आमचं, बाहेरचा पदपथ बांधकामाचा. बांधकामवाले म्हणाले, पदपथ आम्ही बांधतो, त्यावर कोण बसतं ते अतिक्रमणवाले बघतात. अतिक्रमणाच्या टेबलावरच्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि पहिला उपयोगी प्रश्न विचारला, "जागा किती लागते?"

मला सांगता येईना. एकवीस वर्षं पेटी शिकवतेय, पण ती किती जमीन व्यापते याचा हिशेब कधी केला नव्हता. घरी येऊन टेप लावला. पेटी दोन फूट बाय सव्वा फूट. मागे मांडी घालून बसलेलं माणूस, भात्याच्या बाजूला कोपर हलायला जागा. सगळं मिळून तीन बाय चार फूट. काहोनला दोन बाय दोन, तो स्वतःवरच बसतो. आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. कट्ट्यापासून अंतर, झाडाचा बुंधा, चालणाऱ्यांसाठी किती जागा उरते, सगळं लाल पेन्सिलीने. त्या बाईंनी तो नकाशा पाहून मान डोलावली. मग म्हणाल्या, "पण तुम्ही विकता काय?"

हा प्रश्न गंमतीचा नव्हता. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यात पथविक्रेत्याची व्याख्या फक्त भाजी-कपडे विकणाऱ्यापुरती नाही, लोकांना सेवा देणाराही त्यात येतो. म्हणजे चाकू-सुऱ्यांना धार लावणारा येतो, चांभार येतो. पेटी वाजवणं ही सेवा धरली तर मी पथविक्रेती. पण मग सर्वेक्षणात नाव हवं, नगर पथविक्रेता समितीमार्फत विक्रीचं प्रमाणपत्र हवं, ठरवून दिलेल्या फेरीवाला क्षेत्रात जागा हवी. जे वर्षानुवर्षं टोपली घेऊन बसतात त्यांचाच तो झगडा चालू आहे. त्या रांगेत मी पेटी घेऊन घुसणं मला बरं वाटेना. आणि सेवा धरली नाही, तर मी कुणीच नाही. बाई म्हणाल्या, "विकत नसाल तर आमच्याकडे येत नाही हो हे."

घरी जाताना तलावपाळीवरूनच गेले. गडकरी रंगायतनची मागची बाजू दिसत होती. या रंगायतनात कार्यक्रम करायचा तर काय करायचं ते कुणीही सांगेल: तारीख घ्या, भाडं भरा. शंभर पावलांवरच्या पदपथावर तेच करायचं तर कुणालाच माहीत नाही.

एका विद्यार्थिनीचे वडील वकील आहेत. दिवाणी दावे बघतात, हा त्यांचा प्रांत नाही, पण त्यांना चेव आला. एका रविवारी वर्गाच्या सतरंजीवर त्यांनी कागद पसरले, आणि पुढचे दोन तास मी जे ऐकलं त्याने माझी झोप उडाली.

आधी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या ३३व्या कलमात रस्त्यात किंवा रस्त्यालगत वाद्य वाजवण्यावर नियंत्रण ठेवायला, त्याला परवाना द्यायला नियम करता येतात. म्हणजे परवान्याची कल्पना कायद्याला अगदीच परकी नाही. ३८व्या कलमाने त्रासदायक वाटणारं वाजवणं थांबवता येतं. आणि ३७वं कलम ठाणेकरांच्या ओळखीचं आहे. वर्तमानपत्रात अधूनमधून मनाई आदेशाची बातमी येते ना, ३७ (१) आणि (३), ती हीच. मी आयुष्यभर ती बातमी ओलांडून पुढे गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा कलम नीट वाचलं. कशाकशाला मनाई करता येते त्याची यादी आहे: तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, काठ्या, मग दाहक पदार्थ आणि स्फोटकं, मग दगड, मग प्रेतं आणि पुतळे यांचं प्रदर्शन, आणि मग, त्याच दमात, जाहीरपणे घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं.

"म्हणजे माझी पेटी दगडांच्या दोन घरं पुढे," मी म्हटलं.

"सरसकट नाही, ताई. पण आदेश चालू असेल तर तारखा बघून घ्यायच्या. सहसा पंधरा दिवसांचा असतो."

मग आवाज. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, हे गणपतीतल्या पोरालाही पाठ असतं. दिवसा निवासी भागाला ५५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५, हेही कानावर असतं. मला माहीत नव्हतं ते असं, की शांतता क्षेत्रात स्पीकर नसला तरी नुसतं वाद्य वाजवणं, ढोल बडवणं, गर्दी जमेल असा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करणं, हे सगळं शिक्षेला पात्र आहे. आणि शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. जुन्या ठाण्यात शंभर मीटरवर शाळा नाही अशी जागा शोधून दाखवा! माझा चेहरा पाहून वकीलसाहेब घाईघाईने म्हणाले की २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय आता कुठलीही जागा आपोआप शांतता क्षेत्र होत नाही. तरी आपण शाळेपासून लांबचा कोपरा धरू, म्हणाले. मी नकाशावर नवी फुली मारली.

मुलांना सिनेमातली गाणी हवी होती. त्याला स्वामित्वहक्क आडवा आला. संतांच्या शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो आणि तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली. चालीचा संगीतकार मात्र वेगळा, त्याची साठ वर्षं वेगळी. सिनेमातलं गाणं जाहीर वाजवायचं तर गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून, आयपीआरएसकडून, परवाना घ्यायचा. पण हौशी मंडळाने पैसे न घेता, तिकिटाविना जमलेल्या श्रोत्यांपुढे सादर केलं तर १९५७च्या कायद्यात सूट आहे.

"पैसे न घेता," वकीलसाहेब दुसऱ्यांदा म्हणाले. आणि मग त्यांनी शेवटचा कागद काढला.

मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९. भीक मागणं म्हणजे काय, तर सार्वजनिक जागी दान मागणं किंवा स्वीकारणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं, वस्तू विकणं अशा कुठल्याही बहाण्याने असो. बहाणा. हा शब्द मी दोनदा वाचून घेतला. पहिल्यांदा सापडलं तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबता येतं, पुढच्या खेपांना मुक्काम वाढत जातो, दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली यातल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या, पण त्या दिल्लीला लागू होत्या तेवढ्यापुरत्या. ज्या राज्यात हा कायदा जन्मला तिथे तो आहे.

मला एकदम वासुदेव आठवला. माझ्या लहानपणी नौपाड्यात वाडे होते, अंगणं होती. पहाटे चिपळ्या ऐकू यायच्या, मोरपिसांची टोपी दिसायची. आजी सुपातून तांदूळ घालायची आणि तो गिरकी घेऊन एकेका देवाचं नाव घेत म्हणायचा, दान पावलं. आमच्या घरात त्याला भिकारी म्हटलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. कायद्याच्या भाषेत मात्र ते गाणं बहाणा.

"आणि ताई," वकीलसाहेब आवाज खाली आणून म्हणाले, कारण मुलं आतल्या खोलीत होती, "ही तिघं अठराच्या आतली आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम ७६ बघा. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. भीक मागण्याची व्याख्या तिथेही तशीच, कुठल्याही बहाण्याने. कुणी तुमच्यावर ते लावेल असं मी म्हणत नाही. पण पेटीपुढे कापड पसरलं, नाणी पडली आणि कुणी फोटो काढला, तर खुलासा तुम्हाला द्यावा लागेल."

मुलांनी कापडाचं आधीच ठरवलं होतं म्हणे. जमलेल्या पैशांतून पिझ्झा.

आतल्या खोलीतून थोरली बाहेर आली ती फोन नाचवत. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून परवानाधारक वादकांना बसायला जमिनीवर अर्धगोल आखून दिलेत. न्यूयॉर्कमध्ये स्पीकर नसेल तर रस्त्यावर वाजवायला परवानाच लागत नाही. सिंगापुरात आधी परीक्षा घेतात. "आपल्याकडे का नाही आखत अर्धगोल?" तिने विचारलं. मी म्हटलं, आखला तर त्यात आधी रिक्षा उभी राहील.

हसलो सगळे, पण मला ते लंडनचं मनात राहिलं. तिथे जाचक नियम नाहीत असं नाही. फरक एवढाच, की तिथल्या कागदावर त्या माणसाला नाव आहे. इथे मी आळीपाळीने ध्वनिक्षेपक झाले, मिरवणूक झाले, अतिक्रमण झाले, फेरीवाली झाले आणि शेवटी भिकारी. वादक कुठल्याच रकान्यात नाही. तशी पेटीला नकाराची जुनी सवय आहे म्हणा. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली ती १९७१ पर्यंत. ती तर चांगली पेटीवाल्या बुजुर्गांच्या डोळ्यांदेखत.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विषय लिहिला: सार्वजनिक पदपथावर ध्वनिक्षेपकाविना वाद्यवादन करण्यासाठी द्यावयाच्या परवानगीची कार्यपद्धती, नमुना व शुल्क यांच्या प्रती मिळणेबाबत. दीडशे शब्दांत 'बाबत' हा शब्द चार वेळा आला, तेव्हा मला माझीच भीती वाटली. तीस दिवसांच्या आत, एकोणतिसाव्या दिवशी, उत्तर आलं. अशा स्वरूपाची कार्यपद्धती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. अपील करता आलं असतं. पण नसलेली गोष्ट दाखवा म्हणून अपील काय करणार?

या दिवसांत एक माणूस मला वरचेवर भेटत होता, त्याच्याबद्दल सांगायला हवं. आठवड्यातून चार दिवस मी घाटकोपरला एका शाळेत शिकवायला जाते. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिसच्या पुलाखाली, एक म्हातारा तुणतुणं घेऊन बसतो. परभणीकडचा, घर गोंधळ्यांचं. मुलगा डोंबिवलीत कुठेतरी सेंट्रिंगच्या कामावर. आमची ओळख तुणतुण्यावरून झाली. एकदा त्याची तार उतरली होती आणि तो गर्दीत सूर धरू बघत होता. मी चालता चालता काळी एकचा सा गुणगुणले. त्याने मान वर केली, खुंटी पिळली, तार टिचकीने वाजवली, पुन्हा पिळली. "लागलं," म्हणाला. तेव्हापासून मी जाताना त्याला सा देऊन जाते. त्याला गरज नसते खरं तर. माझाच मान ठेवतो.

त्याला मी परवानगीचं रामायण सांगितलं. त्याने ऐकलं आणि विचारलं, "अन् भेटल्यावर काय करतात त्याचं?"

"दाखवायची. मग उठवत नाहीत."

"हं. आमचं कसं, उठ म्हणलं की उठायचं. तिकडं पुलावर बसलं तर रेल्वेवाले, इकडं बसलं तर हे. बस म्हणायला कोण येत नाही."

रेल्वेच्या हद्दीत भीक मागायला रेल्वे कायद्याच्या १४४व्या कलमाने मनाई आहे. कलमाचा आकडा त्याला माहीत नव्हता, पण ती हद्द कुठल्या फरशीपासून सुरू होते ते त्याने मला पायाने दाखवलं.

माहिती अधिकाराच्या उत्तराची प्रत जोडून वकीलसाहेबांनी नवा अर्ज लिहून दिला. यात हुशारी होती. तुमच्याकडे पद्धत नाही असं तुम्हीच लेखी दिलंय, तेव्हा अमुक तारखेला अमुक वेळी आम्ही खालीलप्रमाणे करणार आहोत, आपली हरकत असल्यास कळवावी. आयोजकाच्या रकान्यात 'नौपाडा पेटी वर्ग (हौशी)'. वय, पत्ता, आधारची प्रत, पालकांची संमतिपत्रं. नकाशा. गाण्यांची यादी. आणि मथळ्यात, माझ्याच सुवाच्य अक्षरात: विनाध्वनिक्षेपक, विनामंडप, विनामूल्य.

तो 'विनामूल्य' शब्द लिहिल्याबरोबर चमत्कार झाला. निम्मे कायदे गळून पडले. भीक नाही, विक्री नाही, धंदा नाही, स्वामित्वहक्काची सूट लागू. टेबलापलीकडचे चेहरे सैल झाले. "अहो, हे आधी सांगायचं ना, मुलांचा सांस्कृतिक उपक्रम आहे म्हणून!" दोन्ही कार्यालयांत आवक क्रमांक पडला. 'निमित्त' या रकान्यात मी 'सराव' असं लिहिलं होतं. तिथल्या एकांनी ते खोडून 'मकर संक्रांत' केलं. संक्रांत त्या आठवड्यातच होती, त्यामुळे खोटं असं काही नव्हतं.

पत्र आलं. त्यात परवानगी हा शब्द नाही. 'हरकत नाही, तथापि' असं आहे आणि तथापिच्या खाली नऊ अटी. रहदारीस अडथळा नको, मनाई आदेशाचं पालन, आक्षेपार्ह गीत नको, कचरा आपण उचलायचा, मिरवणूक काढायची नाही (हे कुणाच्या मनात कुठून आलं?), सायंकाळी साडेपाच ते साडेसात, एकच दिवस. सातवी अट: कोणत्याही स्वरूपात रोख रक्कम अथवा देणगी स्वीकारता येणार नाही. ती माझ्याच अर्जातून उचललेली.

जानेवारीतला शनिवार. पाच वाजता आम्ही चटई टाकली. मी खडूने तीन बाय चारची चौकट आखली, मुलं हसली. पेटी पाटावर ठेवली, कारण फरशीवरून खालची हवा थंड येते आणि माझ्या पेटीचा मधल्या सप्तकातला कोमल निषाद थंडीत चिकटतो; एकदा बोटाने टिचकी मारावी लागते. धाकटीने फोनवर डेसिबल मोजायचं फुकटचं अॅप घेतलं होतं. वाजवायच्या आधी नुसती तलावपाळी: ७३. पेटी आणि काहोन सुरू झाल्यावर: ७४, कधी ७५. जांभळी नाक्याकडून वळलेल्या बसने हॉर्न दिला तेव्हा ९१. अॅपच ते, त्याला कोर्टात कोण विचारतो. पण ५५ आणि ६५चे आकडे पाठ करून बसलेली मी त्या ७३कडे बराच वेळ बघत राहिले. आम्ही काहीच केलेलं नसताना मर्यादा केव्हाच ओलांडलेली होती.

मुलांनी भूप वाजवला, मग एक अभंग, मग त्यांच्या हट्टाचं एक सिनेमातलं. काहोनवाला पहिली दहा मिनिटं घाईत होता. हॉर्नशी स्पर्धा करत होता असं वाटलं. भेळवाला, फुगेवाली, फिरायला आलेली जोडपी, साधारण पंधरा माणसं एका वेळी. हवालदार आले, तेच. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पत्र पुढे केलं. त्यांनी नऊच्या नऊ अटी उभ्याने वाचल्या, पत्राचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला. थोडा वेळ थांबले. "चालू द्या," म्हणाले आणि गेले.

सातच्या सुमारास एक आजोबा अभंग संपेपर्यंत काठीवर रेलून उभे होते. जाताना वाकले आणि पेटीवर, भात्याच्या कडेला, वीसची नोट ठेवून चालायला लागले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोट उचलली आणि त्यांच्या मागे धावले. काठी टेकत चालणारा माणूस, पण तलावपाळीच्या गर्दीत तेही चपळ निघाले. भेळेच्या गाडीपाशी गाठलं.

"आजोबा, हे घेता येत नाही आम्हाला."

"का?"

"परवानगीत तसं लिहिलंय."

त्यांनी नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, गाणं ऐकून तसंच निघून जायची आमच्याकडे रीत नाही." आणि हात मागे बांधून उभे राहिले, म्हणजे नोट परत घ्यायचा प्रश्नच नको. भेळवाला मधे पडला, म्हणाला, कोपिनेश्वरला टाका. ते दोघांनाही पटलं. साडेसातला सामान आवरून मी देवळात गेले आणि ती नोट दानपेटीत टाकली.

सोमवारी स्टेशनवर म्हाताऱ्याने विचारलं, "झालं का तुमचं?"

"झालं. कुणी उठवलं नाही."

"किती जमले?"

"घ्यायचेच नव्हते. तशी अट होती."

तो तुणतुण्याची खुंटी चाचपत होता, थांबला. "मग परवानगी कशाची घेतली?"

गाडीची वेळ झाली होती. त्या दिवशी त्याला सा द्यायचा राहिला.

आता वकीलसाहेबांकडे दुसरा अर्ज तयार होतोय. वादक एक, वय पासष्टच्या पुढे, वाद्य तुणतुणं, जागा दोन बाय दोन, विनाध्वनिक्षेपक, विनामंडप. 'विनामूल्य' लिहिलेलं नाही. भिक्षेच्या कायद्यातच, कायद्याने अधिकृत केलेल्या कारणासाठी पैसे स्वीकारणं म्हणजे भीक नव्हे असा अपवाद आहे, त्यावर वकीलसाहेबांचा भरवसा आहे. माझा तितकासा नाही. निमित्त म्हणून आम्ही 'उपजीविका' लिहिलंय, ते कुणी खोडलं तर खोडू दे. अर्ज अजून दिलेला नाही. पत्त्याच्या रकान्यापाशी अडलाय.